हिऱ्याची प्रतिदीप्ती : पाणी, मोल आणि मूळ

१. पाथरीचा परगणा आणि इराणचा हिरा

परभणी जिल्ह्यातील पाथरी आज तालुक्याचे ठिकाण आहे. सोळाव्या शतकात मात्र त्याचा मान याहून मोठा होता. 'आईन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये पाथरीची गणना केलेली आढळते. मोगल अंमलापूर्वी हा परगणा वऱ्हाडच्या इमादशाहीकडे होता आणि तो मिळविण्यासाठी अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाने इमादशाहाशी युद्ध केले. फिरिश्त्याच्या कथनानुसार निजामशाही घराण्याचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते. त्या घराण्यातील भैरव नावाच्या ब्राह्मणाचा मुलगा बहमनी सैन्याच्या हाती लागला, मुसलमान झाला आणि पुढे मलिक हसन या नावाने वजीरपदाला पोहोचला. त्याचा मुलगा मलिक अहमद हा निजामशाहीचा संस्थापक व बुऱ्हाण हा त्याचा नातू. पूर्वजांचे गाव आपल्याकडे असावे म्हणून बुऱ्हाणाच्या दरबाराने बदल्यात दुसरा परगणा देऊ केला. इमादशाहाने नकार दिला. तेव्हा १५१८ मध्ये निजामशाही फौजेने पाथरी घेतली. काही वर्षांनी ती हातची गेली व पुन्हा जिंकावी लागली. त्यानंतर तेथील किल्ला पाडून परगणा आपल्या ब्राह्मण भाऊबंदांस दिल्याचे फिरिश्ता नोंदवितो.

याच बुऱ्हाणाच्या कारकिर्दीत एका प्रसिद्ध हिऱ्याचा दख्खनशी संबंध आला. १५२६ मध्ये आग्रा येथे ग्वाल्हेरच्या विक्रमादित्य राजाच्या कुटुंबाकडून हुमायूनला एक हिरा मिळाला. बाबराने आपल्या आत्मचरित्रात त्याचे वजन सुमारे आठ मिस्काल दिले असून पारख्यांनी त्याची किंमत साऱ्या जगाच्या अडीच दिवसांच्या अन्नाइतकी ठरविल्याचे नमूद केले आहे. राज्य गमावून इराणात आश्रयास गेलेल्या हुमायूनने १५४४ मध्ये हा हिरा शाह तहमास्प यास नजर केला. बुऱ्हाणाचा इराणमधील वकील खुरशाह लिहितो की, शाहाला त्या रत्नाचे तितके अप्रूप वाटले नाही व त्याने तो इतर भेटींबरोबर दख्खनच्या निजामशाहाकडे रवाना केला. हे १५४७ चे वर्ष होय. घेऊन निघालेल्या मिहतर जमालाने शाहाचे पत्र पोहोचविले, पण हिरा पोहोचविला नाही, असे मत हेन्री बेव्हरिज या संशोधकाने मांडले. तो हिरा म्हणजेच कोहिनूर की अन्य एखादा, याविषयीही विद्वानांत एकमत झालेले नाही.

एकाच राजाच्या चरित्रातील या दोन घटना मोल कशावर ठरते हा प्रश्न दोन प्रकारे उभा करतात. पाथरीचे मोल तिच्या महसुलापेक्षा तिच्याशी जोडलेल्या मुळावर ठरले. हिऱ्याचे मोल मात्र त्या काळी डोळ्यांना दिसणाऱ्या गुणांवरच ठरत असे. हिरा कोठून आला हे सांगितले जाई. परंतु तो निसर्गात घडला की माणसाने घडविला, हा प्रश्न कोणाच्या मनात येणे शक्य नव्हते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो प्रश्न उभा राहिला आणि त्याचे उत्तर देण्यात ज्या गुणाचा मोठा वाटा आहे तो गुण म्हणजे प्रतिदीप्ती, व्यापारी भाषेत फ्लुओरेसन्स. जंबुपार, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण पडले असता काही हिरे स्वतः दृश्य प्रकाश बाहेर टाकतात. किरण थांबताच तो प्रकाशही थांबतो. खाणीतील हिऱ्यात या गुणाची चर्चा झाली ती मुख्यतः तो रूप सुधारतो की बिघडवितो या अंगाने. प्रयोगशाळेत वाढविलेल्या हिऱ्यात रूपावर त्याचा परिणाम अल्प आहे. तेथे त्याचे महत्त्व साक्षीदाराचे आहे. हा पालट कसा घडला, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

२. जुन्या पारख्यांचे निकष

हिऱ्याच्या पारखीची भारतीय परंपरा जुनी आहे. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त वज्रपरीक्षेचे स्वतंत्र प्रकरण असून त्यात हिऱ्याची प्राप्तिस्थाने आणि त्या त्या स्थानच्या हिऱ्यांचे वर्ण दिले आहेत. वेणा नदीचा तीर हे त्यांपैकी एक. काही संशोधकांनी ही वेणा म्हणजे वैनगंगा मानून तिचा संबंध आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील वैरागडच्या खाणींशी जोडला आहे. वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख 'आईन-इ-अकबरी'तही वऱ्हाडच्या वर्णनात येतो. म्हणजे पाथरी सरकार व ही खाण अबुल फजलाने एकाच सुभ्याच्या वृत्तांतात नोंदविली आहेत. वराहमिहिराचे निकष दृष्टीचे व स्पर्शाचे आहेत : हिरा कशाने ओरखडला जाऊ नये, वजनाने हलका असावा, त्याची कांती स्निग्ध असून वीज, अग्नी किंवा इंद्रधनुष्य यांसारखी असावी. मराठीत ज्याला हिऱ्याचे पाणी म्हणतात ते याच गुणसमुच्चयाचे नाव.

बुऱ्हाण निजामशाहाच्या दरबारात वैद्य म्हणून ये-जा असलेला गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज पंडित या संदर्भात विशेष उपयोगी पडतो. त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला व त्यातील एक संवाद हिऱ्यावर आहे. विजयनगरच्या खाणींबरोबरच इमादशाहाच्या मुलखालगतच्या खाणीचा तो उल्लेख करतो. हिरा घणाने फुटत नाही, तो पोटात गेल्यास विषासारखा मारतो, अशा समजुती त्याने खोडून काढल्या. तरीही खाणीत दोन-तीन वर्षांच्या अवधीत हिरे नव्याने तयार होतात, ही समजूत त्याने ग्राह्य धरली. भूगर्भात अब्जावधी वर्षांपूर्वी घडलेल्या खनिजाविषयी ही कल्पना अर्थातच चुकीची होती. पण हिरा वाढतो आणि ती वाढ माणसाच्या आयुष्याच्या मापात बसते, हा विचार आज काही आठवड्यांत वाढणाऱ्या हिऱ्याच्या संदर्भात वाचताना लक्ष वेधून घेतो.

जुन्या पारख्यांपाशी जंबुपार दिवा नव्हता. तथापि सूर्यप्रकाशात हे किरण असतातच. म्हणून निळी प्रतिदीप्ती असलेला हिरा उन्हात किंवा उघड्या आकाशाखाली किंचित अधिक शुभ्र भासणे आणि तोच दिव्याच्या पिवळट उजेडात निराळा दिसणे हा अनुभव त्यांना नकळत येत असणार. पाणी या शब्दात हा अनुभवही सामावलेला असावा. कारण कळले नव्हते, एवढेच.

३. निळ्या झाकेचे कारण

काळोखात हिरा प्रकाशतो याची पद्धतशीर नोंद लंडनमध्ये १६६३ साली रॉबर्ट बॉइल याने केली. क्लेटन नावाच्या गृहस्थाकडील एक हिरा घासला असता अंधारात उजळतो, हे त्याने प्रयोगाने दाखविले. प्रतिदीप्तीस तिचे आजचे इंग्रजी नाव जॉर्ज स्टोक्स याने १८५२ मध्ये दिले. या सुमारापर्यंत गुण ज्ञात झाला होता; बाजारात त्याला महत्त्व आले ते दक्षिण आफ्रिकेतील खाणी सुरू झाल्यावर. यागर्सफाँटेन खाणीतील काही पांढरे हिरे तीव्र निळ्या प्रतिदीप्तीमुळे दिवसा निळसर दिसत व त्यांना चढा भाव येई. 'निळा-पांढरा' हे विशेषण त्यामुळे इतके सैल वापरले जाऊ लागले की पिवळट हिऱ्यांसही ते लावले गेले. अखेर १९३८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्याच्या वापरावर निर्बंध घातले. दुसरीकडे प्रीमियर खाणीतील तीव्र प्रतिदीप्तीचे काही हिरे उन्हात तेलकट दिसत, म्हणून तोच गुण दोष ठरला. एकाच गुणाला बाजाराने अशा रीतीने दोन्ही बाजूंनी पाहिले.

कारणमीमांसेच्या इतिहासात भारताचा वाटा मोठा आहे. १९३४ मध्ये रॉबर्टसन, फॉक्स व मार्टिन यांनी अवरक्त व जंबुपार किरणांच्या शोषणावरून हिऱ्यांचे दोन प्रकार पाडले. यानंतर बंगलोर येथे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह हिऱ्याच्या दीप्तीचा दीर्घ अभ्यास हाती घेतला. पन्ना येथील हिरेही त्यांच्या संग्रहात होते. या गटातील अ‍ॅना मणी यांनी तीसहून अधिक हिऱ्यांची प्रतिदीप्ती, शोषण व रामन वर्णपट तपासले. फिकट दीप्तीची छायाचित्रे घेण्यासाठी पंधरा-वीस तास पट्टिका उघडी ठेवावी लागे. १९४५ मध्ये त्यांनी मद्रास विद्यापीठास प्रबंध सादर केला, परंतु एम्. एस्सी. पदवी नसल्याच्या कारणावरून त्यांना डॉक्टरेट मिळाली नाही. पुढे त्या पुण्याच्या वेधशाळेत रुजू झाल्या व भारतीय हवामानमापन यंत्रांच्या निर्मितीत त्यांनी अग्रगण्य कार्य केले. हिऱ्याविषयीची त्यांची निरीक्षणे मात्र टिकून राहिली.

रामन यांनी दीप्तीचे मूळ हिऱ्याच्या स्फटिकरचनेतील निरनिराळ्या सममितीत शोधले. हे स्पष्टीकरण पुढे टिकले नाही. १९५९ मध्ये कायझर व बाँड यांनी सर्वसामान्य हिऱ्यात नायट्रोजन ही प्रमुख अशुद्धी असल्याचे दाखविले आणि प्रकाशविषयक बहुतेक भेदांचा उलगडा त्या दिशेने झाला. निळ्या प्रतिदीप्तीचे प्रमुख कारण म्हणजे एन-३ नावाचे केंद्र : स्फटिकातील एका रिकाम्या जागेभोवती तीन नायट्रोजन अणू. या केंद्राची खूण वर्णपटात ४१५ नॅनोमीटरवर दिसते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. नायट्रोजनचे अणू प्रथम हिऱ्यात सुटे शिरतात. भूगर्भातील उष्णतेत कोट्यवधी वर्षे राहिल्यावर ते सरकत सरकत एकत्र येतात आणि त्या ओघात एन-३ केंद्र तयार होते. निळी प्रतिदीप्ती ही अशा रीतीने काळाची खूण आहे.

४. रूपावरील परिणाम

अमेरिकेच्या जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूटच्या अनुभवानुसार तपासणीस येणाऱ्या नैसर्गिक हिऱ्यांपैकी सुमारे २५ ते ३५ टक्क्यांत काही ना काही प्रतिदीप्ती आढळते व त्यांतील बहुसंख्यांची ती निळी असते. पिवळ्याला निळा पूरक असल्याने किंचित पिवळट हिऱ्याची झाक तीमुळे दबते. याच संस्थेने १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात व्यापारी, तज्ज्ञ व सामान्य ग्राहक अशा निरीक्षकांना प्रतिदीप्तीचे प्रमाण सोडून अन्य बाबतींत सारखे हिरे दाखविले गेले. सामान्य ग्राहकांना फरक ओळखता आला नाही. अनुभवी निरीक्षकांना तीव्र प्रतिदीप्तीचे हिरे समोरून पाहता उलट थोडे अधिक चांगल्या रंगाचे वाटले. पारदर्शकतेत एकंदरीत उणेपणा जाणवला नाही. दुधाळपणाचा दोष खराच असतो, पण संस्थेच्या नोंदीप्रमाणे तो प्रतिदीप्त हिऱ्यांपैकी ०.२ टक्क्यांहूनही कमी हिऱ्यांत दिसतो.

याचा अर्थ असा की, प्रतिदीप्तीचा परिणाम केवळ हिऱ्यात नसून हिरा व प्रकाश यांच्या संबंधात असतो. जंबुपार किरण ज्यात जवळजवळ नसतात अशा एलईडी दिव्यांखाली, म्हणजे आजच्या बहुतेक जवाहिऱ्यांच्या दुकानांत, हा परिणाम दिसणारच नाही. भर दुपारी अंगणात तो दिसू शकेल.

५. प्रयोगशाळेतील हिरा

हिरा माणसाने प्रथम घडविला तो स्वीडनच्या आसेआ कंपनीत, फेब्रुवारी १९५३ मध्ये. मात्र ते यश तेव्हा जाहीर झाले नाही. डिसेंबर १९५४ मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत ट्रेसी हॉल यांनी ते साधले व १९५५ मध्ये त्याची घोषणा झाली. हे हिरे घासकामाच्या उपयोगाचे बारीक कण होते. पैलू पाडता येतील असे सुमारे कॅरटभर वजनाचे स्फटिक याच कंपनीने १९७० मध्ये तयार केले. ते तपासणाऱ्या रॉबर्ट क्राउनिंगशील्ड यांना १९७१ मध्येच एक चमत्कारिक बाब आढळली : जवळजवळ रंगहीन असलेले हे हिरे दीर्घ लहरींच्या जंबुपार दिव्याखाली निष्क्रिय, तर ऱ्हस्व लहरींच्या दिव्याखाली उजळत आणि दिवा मालवल्यावरही काही काळ प्रकाशत राहत. खाणीतील हिऱ्यात सामान्यतः दीर्घ लहरींची प्रतिक्रिया अधिक तीव्र असते. मुळाचा प्रश्न व प्रतिदीप्ती यांची गाठ येथे पडली.

आज दोन पद्धती प्रचलित आहेत. पहिलीत सुमारे ५ ते ६ गिगापास्कल दाब व १३०० ते १६०० अंश सेल्सिअस तापमानात वितळलेल्या धातूतून कार्बन बीजस्फटिकावर साठतो. दुसरीत, म्हणजे सीव्हीडी पद्धतीत, अल्प दाबाखाली मिथेन व हायड्रोजन वायूंच्या प्लाझ्मातून कार्बनचे थर बीजावर चढत जातात. दोन्हींत वाढीचा काळ दिवस-आठवड्यांचा असतो. नायट्रोजन शिरला तरी तो सुटाच राहतो. एन-३ तयार होण्याइतका अवकाश त्यास मिळत नाही. म्हणून नैसर्गिक हिऱ्याची ओळखीची निळी प्रतिदीप्ती या हिऱ्यांत सामान्यतः आढळत नाही.

त्याऐवजी जे आढळते ते त्यांच्या कृतीचे चिन्ह आहे. दाबाच्या पद्धतीत रंगहीन हिरा मिळविण्यासाठी नायट्रोजन बाहेर ठेवला जातो, पण बोरॉनचा अल्पांश बहुधा राहतो. त्यामुळे ऱ्हस्व लहरींखाली निळसर-हिरवट दीप्ती व नंतर काही सेकंदांपासून मिनिटापेक्षाही अधिक टिकणारी स्फुरदीप्ती दिसते. सीव्हीडी हिऱ्यात एक नायट्रोजन अणू व शेजारची रिकामी जागा यांचे केंद्र होते आणि ते ५७५ व ६३७ नॅनोमीटरवर नारिंगी-तांबडा प्रकाश देते. भट्टीच्या क्वार्ट्झ भागांतून येणारा सिलिकॉन ७३७ नॅनोमीटरवर आपली खूण ठेवतो. तपकिरी झाक घालविण्यासाठी वाढीनंतर उच्च दाब व तापमानाची प्रक्रिया केल्यास ही नारिंगी दीप्ती बदलून हिरवट-निळी होते.

या दीप्तीचा रूपावर परिणाम किती होतो? रंगहीन हिऱ्यांपुरते उत्तर असे की, नित्याच्या प्रकाशात जवळजवळ होत नाही. ऱ्हस्व लहरींचे किरण वातावरण व काचा यांतून आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत, आणि केंद्रांची संख्या इतकी थोडी असते की दीर्घ लहरींखालील दीप्ती डोळ्यांत भरत नाही. पिवळेपणा झाकणारी निळी प्रतिदीप्ती नसल्याने लाभही नाही आणि तीव्र निळ्या प्रतिदीप्तीचा दुधाळपणाही नाही. अपवाद गुलाबी हिऱ्यांचा. किरणोत्सर्ग व तापन यांनी ज्यांत नायट्रोजन-पोकळी केंद्रे मुद्दाम वाढविलेली असतात त्या गुलाबी हिऱ्यांत नारिंगी-तांबडी प्रतिदीप्ती तीव्र असते व ती मूळ रंगात भर घालते.

व्यवहारात मात्र दोन भिन्न गोष्टी प्रतिदीप्तीच्या माथी मारल्या जातात. बोरॉनमुळे काही हिऱ्यांत येणारी फिकट निळी झाक हा अंगचा रंग आहे. ती दिव्याखालीही राहते. सीव्हीडी हिऱ्यातील करडी-तपकिरी छटा किंवा धूसरपणा स्फटिकरचनेतील ताण व दोषांतून येतो. शिवाय प्रमाणपत्रातील प्रतिदीप्तीची नोंद दीर्घ लहरींच्या दिव्याखालील असते. 'नाही' या नोंदीवरून हिरा कोणत्याच किरणांखाली प्रकाशत नाही, असे अनुमान काढणे युक्त नव्हे.

६. साक्ष आणि तिच्या मर्यादा

डी बीअर्स कंपनीने १९९६ मध्ये जगापुढे मांडलेल्या डायमंडव्ह्यू या उपकरणात २३० नॅनोमीटरहून ऱ्हस्व लहरींच्या किरणांखाली हिऱ्याच्या पृष्ठभागाचे चित्र घेतले जाते. या चित्रात दीप्तीचा रंग जितका बोलतो त्याहून तिची आकृती अधिक बोलते. नैसर्गिक हिरा अष्टफलकी थरांनी वाढलेला असतो. दाबाखालील हिऱ्यात घन व अष्टफलक यांच्या विभागांची फुलीसारखी रचना दिसते. सीव्हीडी हिऱ्यात समांतर थरांच्या बारीक रेघा दिसतात. वाढीचा इतिहास अशा रीतीने स्फटिकातच लिहिला जातो व प्रतिदीप्ती तो वाचण्यास साह्य करते.

या साक्षीची गरज बाजाराच्या वाढीबरोबर वाढली. २०१८ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने हिऱ्याच्या व्याख्येतून 'नैसर्गिक' हा शब्द वगळला. प्रयोगशाळेतील हिरा हा हिराच, मात्र त्याचे मूळ स्पष्ट सांगितले पाहिजे, अशी भूमिका त्यातून पुढे आली. भारतात फेब्रुवारी २०२३ च्या अर्थसंकल्पात बीजस्फटिकांवरील आयात शुल्क काढण्यात आले आणि मद्रास आयआयटीस पाच वर्षांसाठी २४२ कोटी रुपयांचे संशोधन अनुदान मंजूर झाले. सुरतेच्या कारखान्यांप्रमाणेच मुंबईच्या सीप्झमधील दागिन्यांच्या उद्योगासही या हिऱ्याने नवे काम दिले. याच काळात त्याच्या किमती मोठ्या प्रमाणात उतरल्या. रूप तेच, रचना तीच, परंतु मोल वेगळे : हे अंतर केवळ मुळाच्या ज्ञानावर उभे आहे. म्हणूनच दागिन्यात बसविलेले बारीक हिरे, जे एकेक करून तपासणे परवडत नाही, तेथे फसवणुकीस सर्वांत अधिक वाव राहतो. पेढीवर बसून नुसत्या भिंगाने पारख करणाऱ्या जवाहिऱ्याचे पिढीजात कौशल्य येथे अपुरे पडते, कारण ते कौशल्य पाण्याचे होते आणि प्रश्न मुळाचा आहे.

तथापि ही साक्ष एकटी पुरेशी नाही. नायट्रोजन जवळजवळ नसलेले नैसर्गिक हिरे निष्क्रिय असू शकतात आणि निष्क्रियतेवरून त्यांना प्रयोगशाळेतील ठरविणे अन्यायाचे होईल. स्फुरदीप्तीही केवळ कृत्रिम वाढीची खूण नव्हे. दख्खनच्या खाणीतून तव्हेर्निए याने नेलेल्या निळ्या हिऱ्यातून घडलेला ४५.५२ कॅरटचा होप हिरा ऱ्हस्व लहरींच्या किरणांनंतर कित्येक सेकंद तांबडा प्रकाशत राहतो. तो नैसर्गिक असून त्यातही बोरॉन आहे. शिवाय वाढीनंतरच्या प्रक्रियांनी दीप्तीचा रंग बदलता येतो. म्हणून प्रयोगशाळा प्रतिदीप्तीबरोबर शोषण-वर्णपट व सूक्ष्मदर्शकी पुरावा जोडून मगच निर्णय देतात.

दुसरी मर्यादा इतिहासाच्या अभ्यासकाला अधिक जवळची आहे. प्रतिदीप्ती हिरा कसा वाढला हे सांगते. कोठे सापडला हे सांगत नाही. पैलू पाडलेला हिरा वैरागडचा, कोल्लूरचा की पन्न्याचा, हे त्याच्या दीप्तीवरून निश्चित करता येत नाही. बाबराचा हिरा उद्या कोणत्याही संग्रहात निःसंशय ओळखला गेला तरी त्याच्या निळ्या प्रकाशातून एवढेच कळेल की तो पृथ्वीच्या पोटात दीर्घकाळ होता. तो ग्वाल्हेरहून आग्र्यास, तेथून इराणात गेला आणि अहमदनगरच्या वाटेवर कोठे नाहीसा झाला, हे बाबर, खुरशाह व त्यांच्या समकालीनांच्या लेखनातूनच शोधावे लागेल. पाथरीच्या कुलकर्ण्यांचे निजामशाहीशी असलेले नातेही फिरिश्त्याच्या लेखणीमुळेच ज्ञात आहे. मूळ ठरविण्याच्या कामी किरणांची साक्ष आणि कागदाची साक्ष यांची क्षेत्रे वेगळी आहेत. एकीने दुसरीची जागा घेतली, असे मानण्याचे कारण नाही.